गेवराईला समुद्र नाही

गेवराईला समुद्र नाही. हे वाक्य मी सातवीत भूगोलाच्या पेपरात लिहिलं होतं आणि त्याबद्दल मला भोपळा मिळाला होता. प्रश्न होता, ‘आपल्या तालुक्याची भौगोलिक वैशिष्ट्ये सांगा.’ आता याहून मोठं वैशिष्ट्य ते कुठलं? पण मास्तरांनी माझी उत्तरपत्रिका सगळ्या वर्गाला वाचून दाखवली आणि म्हणाले, "गेवराईला हिमालय बी नाही, ते का राहिलं रे लिहायचं?" वर्ग पोट धरून हसला. मी मात्र पंचाहत्तरी गाठली तरी माझ्या उत्तरावर ठाम आहे. हिमालय नसल्यानं गेवराईकराचं आजवर काही अडलेलं नाही. समुद्र नसल्यानं मात्र एकदा माझा जीव जाता जाता राहिला, आणि माझ्याबरोबर माझ्या मुलाचाही. ते कसं, हे सांगायला जरा मागून, म्हणजे १७६३ सालापासून, सुरुवात करावी लागेल. घाबरू नका, फार वेळ घेणार नाही. मी मराठीचा मास्तर होतो, इतिहासाचा नव्हे.

समुद्र नसणं ही तशी आमची चूक नव्हे. आमचा मुलूख निजामाचा. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होईतो आमचे आजे-पणजे निजामाची रयत होते. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांना १९३७ साली अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकानं जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून मुखपृष्ठावर बसवलं. पण एवढ्या धनवान माणसाला पाय बुडवून बसायला स्वतःच्या मालकीचा वीतभर किनारा नव्हता. पूर्वी होता. ‘उत्तर सरकार’ नावाचा पूर्व किनाऱ्यावरचा लांबलचक पट्टा त्यांच्या पूर्वजांकडे होता. तो निजाम अलीनं १७६६ च्या तहात इंग्रजांच्या पदरात घातला आणि हैदराबादचं राज्य चहूबाजूंनी कोरडं झालं. पुढे इंग्रज जायच्या सुमारास, गोव्याचं बंदर पोर्तुगिजांकडून पदरात पडतं का, याची चाचपणी हैदराबाद दरबारानं केली होती. ते जमलं असतं तर आम्ही गेवराईकर कोलव्याच्या वाळूवर घरच्यासारखे लोळलो असतो. पण जमलं नाही, आणि ते बरंच झालं. गोव्याच्या लोकांनी आधीच पुष्कळ सोसलं होतं.

या निजाम अलीचं आणि पाण्याचं मुळी जमतच नव्हतं. उत्तर सरकार जायच्या तीनच वर्षं आधी त्याला आमच्या तालुक्यातल्या पाण्यानंच दगा दिला होता. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन नावाचं गाव आहे. बाकी महाराष्ट्राला ते शनीसाठी माहीत असतं, नाहीतर पाचवी-सहावीच्या परीक्षेपुरतं लढाईसाठी. लढाई झाली १० ऑगस्ट १७६३ ला. तारीख पाहा. ऐन पावसाळा, नदी दुथडी भरलेली. निजाम अली काही फौज घेऊन नदीपलीकडे उतरला आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेलं लष्कर नि लवाजमा घेऊन अलीकडच्या काठावर राहिला. तेवढ्यात मराठे येऊन धडकले. राघोबादादांचा हत्ती शत्रूनं घेरला, तेव्हा अठरा वर्षांच्या माधवरावांनी जाऊन काकाला सोडवलं. (काका वाचल्याचा पेशवाईला पुढे काय फायदा झाला, तो विषय आज नको.) विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम अली पलीकडच्या काठावर उभा राहून हे सगळं पाहत होता. पुरात घोडं घालून मदतीला येणं त्याला काही जमेना.

शाळेत आम्हाला या लढाईची कारणं आणि परिणाम पाठ करायला लावले. आमच्या आज्याचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात. आजा म्हणायचा, "लढाई कुठली पेशव्यानं जिंकली! गंगेनं जिंकली. निजामानं भोयाला इचारलं असतं तर कुठं उतरावं आन कव्हा उतरावं ते त्यानं सांगितलं असतं. पर राजाला भोयाला इचारायची लाज वाटती." तज्ज्ञ इतिहासकारांना हे मत कितपत मान्य होईल सांगता येत नाही. पण पाण्याच्या बाबतीत याहून शहाणं वाक्य मी पुढे कुठल्याही ग्रंथात वाचलं नाही.

आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्यानं मागून ढकलून द्यायचं, हा अभ्यासक्रम. परीक्षा आणि शिकवणी एकाच वेळी. नाकातोंडात पाणी गेलं की चुलते वरून म्हणायचे, "घे, गिळून घे, आपल्याच विहिरीचं हाय." आठ दिवसांनी डबा सुटायचा आणि पोरगं मुटके मारायला मोकळं व्हायचं.

विहिरीतून गंगेत जाणं म्हणजे मात्र प्राथमिक शाळेतून एकदम कॉलेजात जाणं. तिथं ढकलाढकली चालत नसे. नदीवर अंघोळीची जागा कशी निवडायची याचं एक शास्त्रच होतं आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असे. जिथं म्हशी आपणहून पाण्यात जाऊन बसतात तिथला उतार सावकाश आहे, हे समजावं. म्हैस कितीही मंद दिसली तरी या बाबतीत तिचा निर्णय चुकत नाही. धुणं धुणाऱ्या बाया जिथं बसतात त्याच्या खालच्या अंगाला उतरू नये, साबणाचा आणि शिव्यांचा दोन्हींचा प्रसाद मिळतो. स्वच्छतेचं शास्त्र एवढंच, वरच्या अंगाला प्यायचं पाणी, मग माणसं, मग धुणं, मग जनावरं. पाणी काळपट दिसलं की तिथं डोह. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पाणी जिथं खळखळतं तिथं दगडगोटे आहेत, तळ जवळ आहे, पाय टेकतो. जिथं ते गप्प असतं तिथं त्याच्या पोटात काय आहे कुणाला ठाऊक. पावसाळ्यात तर भोयाला विचारल्याशिवाय पायसुद्धा बुडवायचा नाही, कारण गेल्या सालचा उतार या सालच्या पुरानं हलवलेला असतो. ज्यांनी विचारलं नाही त्यांची नावं गावात पोरांना धाक घालायला वापरली जात. त्यातलं एक नाव माझ्या वर्गातलं होतं. त्यानंतर वर्षभर त्याच्या जागेवर कुणी बसलं नाही.

एवढं शिक्षण घेतलेला माणूस समुद्रावर जाऊन कसा वागला, ते आता ऐका.

१९७९ सालचा मे महिना. आमचे थोरले मेहुणे तेव्हा नोकरीनिमित्त माणगावला होते. त्यांनी पत्र टाकलं, ‘मुलांना समुद्र दाखवायला श्रीवर्धनास घेऊन या.’ श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ तिथले देशमुख. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे ते गाव सोडून घाटावर आले आणि पुढचं सगळं रामायण घडलं. मला कल्पना फार आवडली. श्रीवर्धनकर १७६३ साली आमच्या गंगेवर येऊन गेले होते. परतभेट द्यायला आम्हाला दोनशे सोळा वर्षं लागली, एवढंच.

नगर, पुणे, माणगाव, म्हसळा अशा एसट्या बदलत, एक ट्रंक, दोन पिशव्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचं गाठोडं सांभाळत आम्ही पाच जण निघालो. मी, बायको, आई, सहा वर्षांचा मुलगा आणि कडेवरची मुलगी. कुठल्या किनाऱ्यावर पोहायचं यावर वाटेतच बैठक झाली. आईची अट, जवळ देऊळ हवं. बायकोची अट, जागा स्वच्छ हवी. मेहुण्यांचं मत, समुद्र सगळीकडे खाराच. आईच्या अटीनुसार पहिल्यांदा हरिहरेश्वर झालं. पेशव्यांचं हे कुलदैवत. देवळामागं खडकातून खाली उतरून समुद्राच्या कडेनं प्रदक्षिणा घालायची असते आणि ती ओहोटीतच घालता येते. देवानं आपल्या प्रदक्षिणेचं वेळापत्रक समुद्राकडे सोपवलेलं पाहून मला गंमत वाटली. तिथंच मी काहीतरी शिकायला हवं होतं.

स्वच्छतेचा प्रश्न जरा नाजूक होता. वाटेतल्या एका गावी पहाटे किनाऱ्यावर फिरायला गेलो, तर अंतराअंतरावर बरीच मंडळी समुद्राकडे तोंड करून बसलेली. आई म्हणाली, "बघ, इकडचे लोक किती धार्मिक. सूर्य उगवायच्या आत ध्यानाला बसले." ध्यानस्थांच्या शेजारचे लोटे आईच्या चष्म्यातून दिसत नव्हते. मी तिला घाईघाईनं मागं वळवलं. दुसऱ्या एका ठिकाणी बोंबील वाळत घातलेले. तिथं आईनं पदर नाकाला लावला तो पुढच्या एसटी स्टँडपर्यंत काढला नाही. त्यामानानं श्रीवर्धन बायकोच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालं. लांबच लांब किनारा, वाळू स्वच्छ, मागं रोठा सुपारीच्या वाड्या. सुरक्षिततेचं खातं माझ्याकडे होतं, कारण पोहता येणारा मीच एकटा.

सकाळचे अकरा वाजलेले. मी कमरेवर हात ठेवून समुद्राची पाहणी केली. उजवीकडे लाटा फुटत होत्या, पांढरा फेस, आवाज. डावीकडेही तेच. आणि मधोमध वीसेक हात रुंदीची एक पट्टी अगदी शांत. लाट नाही, फेस नाही, सपाट काळसर पाणी. जणू समुद्रानं घाटावरच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली जागा. मी मुलाचा हात धरला आणि म्हणालो, "चल, इथं काही भीती नाही."

गुडघ्याएवढ्या पाण्यात बरं वाटलं. कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकायला लागली, कुणी जाजम ओढून घ्यावं तशी. मी मुलाला उचलून खांद्यावर घेतलं आणि वळलो. काठाकडे एक पाऊल टाकावं तर पाणी मला दोन पावलं मागं नेत होतं. आवाज नाही, लाट नाही, काही नाही. नुसती ओढ. पाणी छातीला आलं. काठावर बायको दिसत होती. ती हात हलवून हसत होती, कारण तिला वाटलं आम्ही मजा करतोय. मीही तिच्याकडे पाहून हसलो. का हसलो, आजतागायत सांगता येत नाही.

किनाऱ्यावर एक म्हातारे कोळीबाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी जाळं टाकलं आणि धावत पाण्यापर्यंत येऊन ओरडले, "ओ पावणं! सरळ येऊ नका! आडवे चला, आडवे! लाटंकडं चला!" ज्या लाटांना टाळून मी इथं आलो त्यांच्याकडेच जायला सांगणारा हा माणूस मला वेडा वाटला. पण माझ्याजवळ दुसरी सूचना नव्हती. मी आडवा सरकत गेलो, दहा हात, पंधरा हात. मग एक लाट पाठीवर आदळली आणि तिनं आम्हा दोघांना काठाकडे लोटलं. दुसरीनं आणखी लोटलं. पायाला वाळू लागली, घट्ट वाळू. मी काठावर येऊन बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. मुलगा म्हणाला, "दादा, परत जायचं?"

बायको त्या दिवशी रात्रीपर्यंत एक शब्द बोलली नाही. शांत पाण्याची मला तोवर चांगलीच ओळख झाली होती, म्हणून मीही आडवा आडवाच चालत राहिलो.

संध्याकाळी मी कोळीबाबांना शोधून काढलं. नारळ आणि थोडे पैसे पुढे केले. त्यांनी नारळ घेतला, पैसे परत दिले आणि तंबाखू मळता मळता मला तो धडा दिला. लाटा सारख्या काठावर पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत जिथं खोलगट घळ पडलेली असते तिथून ते सगळं एकवटून बाहेर पळतं. तिथं लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. तिथं पाय टाकणारा माणूस समुद्रात शिरत नाही, समुद्राच्या बाहेर जायच्या दारात उभा राहतो. ती वाट रुंदीला मोठी नसते, म्हणून तिच्याशी झुंजायचं नाही, तिला बाजूला सोडून निघायचं. दमलात तर नुसतं तरंगायचं आणि हात वर करून ओरडायचं. आणि ओहोटीला तर जपायचंच. "आज तिथी कोणती?" त्यांनी विचारलं. मला सांगता आली नाही. आई मागून म्हणाली, "दशमी." "मग दाहाचे पाऊणपट किती? साडेसात. सकाळी साडेसातला भरती पुरी झाली. तुम्ही अकराला उतरलात, म्हंजे भर ओहोटीत."

तिथीची पाऊणपट! चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा. दिवसाची भरती तेव्हा, रात्रीचीही जवळपास तेव्हाच, आणि दोन्हींपासून सहा तासांनी ओहोटी. आपल्याकडच्या किनाऱ्यावर हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं बरोबर येतो. माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली. दशमी तिला ठाऊक होती, पाऊणकी तिला पाठ होती. आमच्या सगळ्या कुटुंबात समुद्रावर पोहण्यास पात्र अशी ती एकटीच होती, आणि ती पदर खोचून काठावर बसली होती.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. त्याच वर्षी मी आठवीच्या पेपरात प्रश्न काढला होता, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार, या म्हणीचा अर्थ स्पष्ट करा.’ गुण पाच. मुलांनी बडबड्या माणसांवर पानं भरून लिहिलं होतं आणि मी गुण दिले होते. ही म्हण आधी पाण्याविषयी आहे आणि मग माणसांविषयी, हे ना मुलांना आठवलं, ना मास्तरांना. गंगेच्या काठी जे मला सहाव्या वर्षी कळत होतं, ते श्रीवर्धनला पँट दुमडून उभा राहिल्यावर कळेनासं झालं. माणूस सहलीला निघताना कपड्यांची घडी घालतो तशी अकलेचीही घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवतो की काय, न कळे.

त्यानंतर मी या विषयाचं जमेल तसं वाचन केलं. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला इतिहासाची फार गोडी लागते.

आपल्या शास्त्रकारांनी समुद्राला आणि पिंपळाला एका पंक्तीला बसवलंय. दोघांची सेवा करा, पण ऊठसूट शिवू नका. पिंपळाला शनिवारी, समुद्राला पर्वणीला. आता पर्वणी म्हणजे पौर्णिमा नि अमावास्या, म्हणजे नेमकं उधाण. ज्या दिवशी समुद्र सर्वांत जास्त चढतो आणि सर्वांत जास्त ओढतो, त्याच दिवशी त्यात उतरायची परवानगी. हे काय गौडबंगाल आहे यावर मी बराच विचार केला. माझा आपला अंदाज असा, की पर्वणीला गावचा गाव किनाऱ्यावर असतो. बुडणारा एकटा नसतो. बाकी कोळ्यांचा नियम जास्त सरळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मगच होडी लोटायची, तोवर आषाढ-श्रावणातल्या समुद्राच्या वाटेला जायचं नाही. सरकारनं पुढे जून-जुलैची मासेमारीबंदी घातली ती माशांच्या विणीसाठी, पण पंचांग जवळपास तेच.

इंग्रज लोक समुद्रात उतरले ते मजेखातर नव्हे, औषध म्हणून. १७५० च्या सुमारास डॉक्टर रसेल नावाच्या गृहस्थानं गाठीच्या रोगांवर समुद्रस्नान, आणि स्नानावर न थांबता समुद्राचं पाणी पिणं, असा उतारा सांगितला. ब्रायटन गावाचं त्यामुळे भाग्य उजळलं. चाकांवरची लाकडी खोली घोड्यानं पाण्यात ओढत न्यायची, आत बसून कपडे बदलायचे आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचं. तिथं दांडगट बाया उभ्या असत, त्या गिऱ्हाइकाला धरून पाण्यात बुचकळून काढत. मार्था गन ही त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध. हे वाचताना मला एकदम आमचे चुलते आठवले. फरक इतकाच की मार्था गन पैसे घेई. १७८९ साली राजा तिसरा जॉर्ज वेमथला समुद्रात उतरला तेव्हा त्यानं डुबकी मारताक्षणी बँडवाल्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं म्हणतात. आमच्या विहिरीवर अशा प्रसंगी फक्त कुत्रं भुंकत असे.

गंमत पुरे. ऑस्ट्रेलियात १९६७ च्या डिसेंबरात खुद्द पंतप्रधान, हॅरॉल्ड होल्ट, आपल्या आवडत्या किनाऱ्यावर पोहायला उतरले आणि नाहीसे झाले. पट्टीचा पोहणारा माणूस, रोजची माहितीची जागा. पण त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. देहसुद्धा सापडला नाही. पुढे मेलबर्नमधल्या एका पोहण्याच्या तलावाला त्यांचं नाव दिलं. श्रद्धांजलीचे प्रकार देशोदेशी निराळे! त्याच देशानं मात्र किनाऱ्यावर स्वयंसेवी जीवरक्षकांची पथकं विसाव्या शतकाच्या आरंभीच उभी केली होती. लाल-पिवळी दोन निशाणं रोवायची, पोहायचं ते त्या दोन निशाणांच्या मध्ये. आमच्या आज्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सरकारी भोई नेमले. गोव्यात २००८ पासून असे पगारी जीवरक्षक किनाऱ्यांवर आहेत, तीच लाल-पिवळी निशाणं. नुसतं लाल दिसलं की पाण्यात पाय नाही. काणकोणातलं पाळोळें पोरांना घेऊन जाणाऱ्यांना बरं वाटतं ते चंद्रकोरीसारख्या आडोशामुळे आणि सावकाश उतारामुळे. म्हणजे शेवटी म्हशीचाच नियम. पण पावसाळ्यात तिथंही नाही.

स्वच्छतेलाही आता निशाण निघालंय, निळं. १९८५ साली फ्रान्समध्ये हा प्रकार सुरू झाला आणि तिथून जगभर गेला. पाणी तपासलेलं हवं, शौचालयं हवीत, जीवरक्षक हवेत, असे तेहेतीस निकष. आमच्याकडे देवही तेहेतीस कोटी, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला. भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना २०२० साली हे निशाण मिळालं. पुरीपासून अंदमानातल्या राधानगरपर्यंत, त्यांत महाराष्ट्रातला एकही नव्हता. तरी नुसत्या निशाणावर काही अवलंबून नसतं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह या वकिलानं माणसं जमवून कचरा उपसायला सुरुवात केली आणि २०१८ साली तिथं कासवाची पिल्लं वाळूतून पाण्याकडे निघालेली दिसली. कासव म्हशीसारखंच आहे, त्याला जाहिरात कळत नाही. बाकी नाल्याच्या किंवा खाडीच्या तोंडाशी आणि पहिल्या पावसानंतर लगेच समुद्रात उतरू नये, एवढं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. वरच्या अंगाची सगळी घाण तेव्हा खालच्या अंगाला येते.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली चौदा मुलंमुली बुडाली. कॉलेजची पोरं. फेब्रुवारी महिना, वादळ नाही, पाऊस नाही, उजेडाची वेळ. बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि मुलाला फोन लावला. तो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, कचेरीत मीटिंगमध्ये होता. "काय झालं दादा?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, सहज."

या सगळ्यात एक समाधान होतं, की आमची गंगा तरी आम्हाला कळते. गेल्या वर्षी नातू गेवराईला आला. पुण्याला शिकतो, तलावात उत्तम पोहतो, हातात कायम फोन. म्हणाला, "आजोबा, मला नदीत पोहायला न्या." मी मोठ्या ऐटीत त्याला राक्षसभुवनला नेलं. लढाई सांगितली, निजाम कुठल्या काठावर असेल ते हात करून दाखवलं. मग पाण्याकडे पाहिलं आणि गप्प झालो. मला जागा सांगता येईना. वरती पैठणला जायकवाडी झालं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी, १९७६ साली इंदिराबाईंच्या हातून उद्घाटन, दहा किलोमीटरची भिंत, मागं नाथसागर. निजामाला जमलं नाही ते झालं, मराठवाड्याला सागर मिळाला, कालव्यानं आमच्या तालुक्यात ऊस आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली नदी वर्षातला बराच काळ उघडी पडली, आणि उघड्या नदीतली वाळू दिसली की माणसाला बंगले दिसतात. रात्रंदिवस उपसा. तळाला जागोजाग खड्डे, दोन-दोन पुरुष खोल. त्यात पाणी साचतं, वरून सगळं सारखंच गप्प दिसतं. या खड्ड्यांत पोरं गेल्याच्या बातम्या गोदाकाठाला आता नव्या राहिल्या नाहीत.

तिथं ओळखीचा भोई भेटला. त्याचा बाप मला उतार दाखवायचा. मी विचारलं, "कुठं उतरवू रे पोराला?" तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, आता आमालाच कळंना गेलंय. सांजच्याला पाहिलेला तळ सकाळी तिथं नसतो. म्हशी बी बिचकायल्यात." आम्ही शनीला तेल वाहिलं आणि परत आलो.

म्हणून यंदा दिवाळीनंतर पुन्हा श्रीवर्धन. या खेपेला मोटारीनं, चारशेएक किलोमीटर. नातवानं वाटेतच फोनवर किनारे काढले. कुणाला किती तारे, कुठं हॉटेल चांगलं, कुठं फोटो चांगले येतात. मी म्हटलं, "तारे राहू दे, तिथी सांग." त्यानं फोनलाच विचारून सांगितलं, "षष्ठी." "सहाचे पाऊणपट?" त्यानं पुन्हा फोन उघडला. पाऊणकी आता शाळेत शिकवीत नाहीत. मीच सांगितलं, साडेचार. त्यानं भरतीची वेळ पाहिली, चार पन्नास निघाली. वीस मिनिटांच्या फरकाबद्दल त्यानं मला मोठ्या मनानं क्षमा केली.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन. समुद्र तोच. एक शांत पट्टी जराशी जागा बदलून तिथंही होती. मी नातवाला काहीच सांगितलं नाही. होडीच्या सावलीत एक जण जाळं सावरत बसला होता, त्याच्याकडे बोट करून म्हटलं, "जा, त्या काकांना विचारून ये." पोरगं लाजलं. मग गेलं. बराच वेळ दोघं हातवारे करीत बोलत होते. परत आला तो तोंड बारीक करून.

"आजोबा, ते म्हणतात त्या सुरूच्या झाडांसमोर पोहा, कमरेच्या पुढं जाऊ नका आणि भरती वळली की बाहेर या. पण तिथं तर सगळ्या लाटा फुटतायत."

"मग तिथंच जा," मी म्हणालो, आणि पँट दुमडायला लागलो.